नोव्हेंबरातला काश्मीर: पाऊस की बर्फ, आणि ओल्या बर्फाची एवढी धास्ती का?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून सहा जणांचे कुटुंब, त्यात दोघे सत्तरीचे, दिवाळी आटोपून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात श्रीनगर, गुलमर्ग, पहलगाम असे फिरायला निघाले आहे. मोबाइलवर श्रीनगरच्या पुढे ३ अंश तापमान आणि पाऊस-बर्फाचे एकत्र चिन्ह दिसते. बर्फ पडेल की नुसता पाऊस? हॉटेलवाले म्हणतात, पडला तर तुमचे नशीब. शोपियानचे ओळखीचे सफरचंद बागायतदार मात्र म्हणतात, आत्ता पडला तर आमचे वर्ष गेले. चार-सहा इंच बर्फाने असे काय होते?

आधी उत्तर सांगतो, मग कारणे. ढग आलेच तर गुलमर्गला बर्फ जवळजवळ नक्की. श्रीनगर शहरात सुरुवात पावसाने होईल, आणि तो रात्री बर्फ होईल की नाही हे मोबाइलवरच्या ३ या आकड्यावरून मुळीच कळत नाही. बागायतदारांची भीती शंभर टक्के खरी आहे. मी आयुष्यातली बरीच वर्षे डोंगराळ भागाच्या हवामान अंदाजात घालवली आहेत. जानेवारीच्या दोन फूट बर्फापेक्षा नोव्हेंबरच्या सहा इंच बर्फाची मला जास्त काळजी वाटत आली आहे.

ऑक्टोबर सरता सरता मोसमी वारे माघारी गेलेले असतात आणि काश्मीरचे आभाळ पश्चिमेच्या हाती जाते. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या परिसरातून निघालेले कमी दाबाचे पट्टे वरच्या थरातल्या वेगवान वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयावर येऊन आदळतात. आपल्या बातम्यांत ज्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात ते हेच. ऐन हिवाळ्यात महिन्याला चार-सहा येतात. नोव्हेंबरात कमी, आणि आले तरी बहुतेक अशक्त. म्हणून श्रीनगरचा नोव्हेंबर एरवी बऱ्यापैकी कोरडा जातो: चिनार लाल-सोनेरी झालेले, पाम्पोरला केशराची फुले वेचायची लगबग, सकाळी झेलमवर धुके. पण एखाद्या विक्षोभाची द्रोणी, म्हणजे त्याचा कमी दाबाचा लांबट पट्टा, दक्षिणेकडे खोलवर उतरली आणि तिने अरबी समुद्रावरचे बाष्प ओढून आणले, की दीड दिवसात चित्र पालटते. २००९ नंतर श्रीनगर शहराने नोव्हेंबरात बर्फ पाहिला तो थेट ३ नोव्हेंबर २०१८ला. पुढच्याच वर्षी ६ आणि ७ नोव्हेंबरला पुन्हा, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. २०२१मध्ये तर २३ ऑक्टोबरलाच शोपियान, कुलगामच्या बागांवर बर्फ कोसळला. झाडांवर अजून फळ होते.

आता त्या ३ अंशांकडे या.

बर्फाचा कण उंच ढगात तयार होऊन सेकंदाला साधारण एक मीटर या संथ गतीने खाली येतो. वाटेत हवा शून्याच्या वर गेली की तो वितळायला लागतो. पण वितळण्याच्या आधी आणि वितळताना आणखी एक गोष्ट घडते: हवा कोरडी असेल तर त्या कणावरचे पाणी वाफ होऊन उडते आणि कण गार होतो. उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच हे कारण. त्यामुळे बर्फाच्या कणाला जाणवणारे तापमान तुमच्या तापमापकातले नसते. पाऱ्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकात जे दिसते ते असते. त्याला आम्ही वेट बल्ब तापमान म्हणतो. श्रीनगरच्या उंचीवर तापमान ४ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर वेट बल्ब जवळपास शून्यावर येतो. तिथे बर्फ जमिनीपर्यंत पोहोचेल. उलट तापमान ३ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के असेल तर वेट बल्ब अडीच अंशांच्या वर राहतो आणि पाऊसच पडेल. म्हणजे ४ अंशांवर बर्फ आणि ३ अंशांवर पाऊस. ऐकायला उलटे वाटते, पण डोंगरात काम करणाऱ्या प्रत्येक अंदाजकर्त्याने हे पाहिलेले असते. ढोबळ ठोकताळा असा की वेट बल्ब १ अंशाच्या खाली असेल तर बर्फ धरावा, दीडच्या वर असेल तर पाऊस, आणि मधल्या पट्ट्यात तो चिकट, जड, अर्धवट वितळलेला ओला बर्फ. शरद सरतानाचे बहुतेक सगळे हिमवर्षाव याच मधल्या पट्ट्यात अडकलेले असतात.

दुसरी गोष्ट पावसाच्या जोराची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात निर्णायक. बर्फ वितळायला उष्णता लागते आणि ती तो भोवतालच्या हवेतूनच घेतो. एक मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळला, तर श्रीनगरच्या उंचीवरचा ३०० मीटर जाडीचा हवेचा थर साधारण १ अंशाने थंड होतो. हा हिशेब कुणीही कागदावर करून पाहू शकतो. तासाला अर्धा मिलिमीटर अशी रिमझिम असेल तर हा परिणाम वाऱ्यात विरून जातो. पण तासाला तीन मिलिमीटरची संततधार लागली आणि वारा पडलेला असेल, तर दोन-तीन तासांत पाऊस स्वतःच खालची हवा शून्याच्या जवळ आणून ठेवतो. मग कुठूनही थंड वारे न येता पावसाचा बर्फ होतो. म्हणून अंदाजात नुसता "पाऊस/बर्फ" हा शब्द पाहू नका. हलका की जोरदार, ते पाहा. जोरदार असेल आणि वेळ रात्रीची असेल, तर बर्फाकडे पारडे झुकते.

काश्मीर खोऱ्याची ठेवणही याला साथ देते. नैर्ऋत्येला पीर पंजाल, ईशान्येला हिमालयाची मुख्य रांग, आणि मध्ये सुमारे १३५ किलोमीटर लांबीचा सपाट तळ. पाणी बाहेर पडायला बारामुल्लाकडची एकच अरुंद वाट आहे, आणि थंड हवेलाही दुसरी सोपी वाट नाही. एकदा तळाशी थंड हवा साचली की वरून उबदार दक्षिणेचा वारा वाहत राहिला तरी तो तिला लवकर हलवू शकत नाही. जम्मूत त्याच वेळी साधा पाऊस पडत असतो.

उंचीचा हिशेब तुमच्या प्रवासाला थेट लागू पडतो. ओल्या हवेत दर हजार मीटरला साधारण ६ अंश तापमान उतरते. श्रीनगर १,५८५ मीटरवर, गुलमर्गचा पायथा तंगमर्ग सुमारे २,१५० मीटरवर आणि गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. श्रीनगरला ६ अंशांवर पाऊस पडत असेल तर तंगमर्गला पावणेतीन अंश आणि गुलमर्गला शून्याच्या किंचित खाली. म्हणजे तुम्ही हॉटेलातून छत्री घेऊन निघाल, तंगमर्गला काचेवर थबाथबा पडणारे पांढरे ठिपके दिसतील आणि पुढच्या तेरा-चौदा किलोमीटरच्या चढात रस्ता पांढरा होत जाईल. पहलगाम साधारण २,२०० मीटरवर, म्हणजे तंगमर्गच्याच पायरीवर. तिथे पाऊस आणि बर्फ यांची अदलाबदल एका संध्याकाळीत दोन-तीनदाही होऊ शकते.

शहरात बसून हे ओळखायचे तर शंकराचार्य टेकडीकडे बघा. ती दल सरोवरापासून जेमतेम ३०० मीटर उंच आहे. शून्य अंशाच्या पातळीपासून खाली साधारण ३०० मीटरपर्यंत बर्फ तग धरतो, म्हणून टेकडी फार उपयोगी पडते. दुपारी ढग जरा विरळ झाले आणि झबरवानच्या डोंगरावरची पांढरी रेघ कालच्यापेक्षा खाली आलेली दिसली, तर समजावे पातळी उतरते आहे. टेकडीचा माथा पांढरा झाला आणि पावसाचा जोर कायम असला, तर रात्रीत शहराचा नंबर लागतो. दुसरी खूण गाडीच्या काचेवर मिळते. पावसाचा थेंब काचेवर पडून लगेच ओघळतो. बदल होऊ लागला की थेंब पडल्यावर क्षणभर तिथेच बसतो, मध्ये राखाडी गर दिसतो आणि मग ओघळतो. हे दिसू लागले की अर्ध्या-पाऊण तासात मोठाले, चपटे, एकमेकांना चिकटलेले कापशी गोळे सुरू होतात. रडारवर वितळणारा थर ठळक उजळ पट्ट्यासारखा दिसतो आणि तो खाली येताना आम्हाला पाहता येतो. पण तुम्हाला टेकडी आणि काच पुरेशी आहे.

आता बागायतदारांकडे वळतो. या प्रश्नाचा खरा गाभा तिथेच आहे असे मला वाटते.

जानेवारीतला कोरडा बर्फ हलका असतो. दहा सेंटीमीटर थरात पाणी असते एक सेंटीमीटर, कधी त्याहूनही कमी. तो फांदीवर फारसा टिकत नाही, वाऱ्याच्या झुळकीने झडतो, आणि झाडावर पानेही नसतात. ओल्या बर्फात तेवढ्याच थरात दुप्पट-तिप्पट पाणी असते, आणि कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असल्याने तो जिथे पडतो तिथे चिकटतो. त्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला सफरचंदावर, चिनारावर, सफेद्यावर (पॉप्लरवर), विलोवर पान शिल्लक असते. प्रत्येक पान म्हणजे एक पसरलेला हात. हिशेब करून पाहा. डेलिशियस वाणाच्या जुन्या झाडाचा पसारा चार मीटर व्यासाचा धरला तर साडेबारा चौरस मीटर क्षेत्र होते. रात्रीतून २५ मिलिमीटर पाण्याइतका ओला बर्फ पडला तर त्या क्षेत्रावर तीनशे किलोच्या वर वजन येते. त्यातला एक तृतीयांश जरी पाना-फांद्यांनी धरला तरी शंभर किलो झाले. उशिरा तयार होणारे महाराजीसारखे वाण अजून तोडलेले नसतील तर फळांचे ओझे वेगळे. मग फांदी नुसती मोडत नाही, बेचक्यात खोडापर्यंत चिरत जाते. पंधरा-वीस वर्षांचे झाड दुभंगले तर एका हंगामाचे नुकसान होऊन भागत नाही. नवे झाड त्या उत्पन्नाला यायला पुन्हा तेवढीच वर्षे लागतात. देशातल्या सफरचंदांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक याच खोऱ्यातून येतात, म्हणजे त्या एका रात्रीचे पडसाद नाशिक-पुण्याच्या फळबाजारापर्यंत पोहोचतात.

अलीकडे लागवड केलेल्या दाट बागांत झाडे बुटकी, तारांवर बांधलेली, आणि वर गारपिटीपासून वाचवायला जाळी. ही जाळी गारा परतवते, पण ओला बर्फ तिच्यावर साचतो आणि खांबांसकट सगळा मांडव खाली बसू शकतो. तोडणी झाल्याबरोबर जाळी गुंडाळून ठेवणे हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. बर्फ पडतच असेल तर झाडे हलवायची तीही रात्रीच, पडत असतानाच, दर दोन तासांनी. लांब काठीच्या टोकाला कापड गुंडाळून फांदी खालून वर उचलायची. वरून मारायचे नाही, कारण आधीच वाकलेल्या फांदीला तेवढा धक्काही पुरतो. सकाळपर्यंत थांबलात तर आभाळ मोकळे होऊन पारा उणे जातो आणि चिकटलेला बर्फ गोठून फांदीचाच भाग होतो. चिरलेली फांदी वाचण्यासारखी असेल तर नट-बोल्टने आवळून जखमेवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावतात. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना हे औषध नवे नाही.

द्राक्षांचा विषय निघालाच आहे तर एक खरा धागा सांगतो. काश्मीरला बर्फ देणारा विक्षोभ निघून गेल्यावर मागून उत्तरेचे कोरडे थंड वारे खाली उतरतात, आणि निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या अनेकदा त्यानंतरच येतात. विक्षोभाची द्रोणी दक्षिणेपर्यंत पोहोचली आणि पूर्वेकडच्या दमट वाऱ्यांशी तिची गाठ पडली तर महाराष्ट्रात अवकाळी आणि गारपीट होते. २६ नोव्हेंबर २०२३ला निफाड परिसरात द्राक्षबागा झोडपल्या गेल्या, तेव्हा हीच जुळणी होती. शोपियानचा बागायतदार आणि निफाडचा बागायतदार नोव्हेंबरात एकाच नकाशाकडे बघून धास्तावलेले असतात.

विजेच्या तारांचेही असेच होते. ओला बर्फ तारेच्या एका बाजूला साचतो, वजनाने तार पीळ घेते, उघडी पडलेली बाजू वर येते, तिच्यावर पुन्हा बर्फ बसतो. असे करत तारेभोवती गोल नळकांडे तयार होते. एक सेंटीमीटरच्या तारेवर आठ सेंटीमीटर व्यासाचे नळकांडे बसले तर मीटरमागे दीड ते अडीच किलो वजन वाढते, म्हणजे दोन खांबांमधल्या साठ मीटरच्या अंतरात शंभर किलोच्या आसपास. त्यावर बाजूचा सफेदा कोसळला की तालुकाच्या तालुका अंधारात. २०१९च्या नोव्हेंबरात खोऱ्यात वीज अशीच कोलमडली होती. हे दुबळ्या यंत्रणेचेच लक्षण आहे असेही नाही. २५ नोव्हेंबर २००५ला जर्मनीच्या म्युन्स्टरलांड भागात ओल्या बर्फाने उच्चदाबाचे मनोरे मोडून पडले आणि सुमारे अडीच लाख लोक विजेविना राहिले. २०११च्या ऑक्टोबरअखेर न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्समध्ये पानांनी भरलेल्या झाडांवर असाच बर्फ पडला आणि तीस लाखांवर घरे-दुकाने अंधारात गेली. तिकडच्या मराठी मंडळींपैकी अनेकांना तो आठवडा आठवत असेल.

आता तुमच्या प्रवासाबद्दल. विक्षोभ येणार की नाही हे चार-पाच दिवस आधी भरवशाने सांगता येते. शहरात पाऊस की बर्फ, याचा भरवसा मात्र चोवीस तासांपेक्षा आधी कुणी देत असेल तर मी तो मानणार नाही. तुम्ही हवामान विभागाच्या श्रीनगर केंद्राचे पत्रक रोज वाचा. त्यात सपाट भाग, मध्यम उंचीचे भाग आणि उंचावरचे भाग वेगवेगळे दिलेले असतात. तुमचे प्रत्येक ठिकाण यातल्या कुठल्या पायरीवर आहे ते वर सांगितलेच आहे. पिवळा इशारा असेल तर गुलमर्गचा दिवस मागे-पुढे करा, केशरी असेल तर त्या दिवशी श्रीनगर सोडू नका.

कपड्यांत लोक जाडीवर खर्च करतात आणि पाण्याचा विचार करत नाहीत. उणे ५ अंशांचा कोरडा बर्फ अंगावरून झटकता येतो. १ अंशावरचा ओला बर्फ दहा मिनिटांत स्वेटरमध्ये मुरतो, आणि ओल्या अंगाला वारा लागला की शरीर फार लवकर थंड पडते. ज्येष्ठांच्या बाबतीत हे गंभीर आहे. बाहेरचा थर पाणी न शिरणारा हवा, आत लोकरीचा, आणि जीन्स अजिबात नको. भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही. गुलमर्गला गमबूट भाड्याने मिळतात, आत घालायला कोरड्या मोज्यांचे दोन जोड पिशवीत ठेवा. आजोबा-आजी थरथरायचे थांबले आणि बोलणे अडखळू लागले तर ते बरे वाटण्याचे लक्षण नाही. लगेच कोरडे कपडे, ऊब आणि डॉक्टर.

वीज गेली की खोल्यांत गॅसचे हीटर, बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी), कांगडी (निखाऱ्यांची टोपली) येतात. खिडकी बोटभर उघडी ठेवूनच झोपा आणि जळती शेगडी बंद खोलीत रात्रभर ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दर हिवाळ्यात अशा दुर्घटना घडतात.

रस्त्यांत दोन वेगळे धोके आहेत. तंगमर्ग-गुलमर्ग चढावर बर्फ असेल तर साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांना ताकद देणारी स्थानिक गाडीच घ्या. तुमची गाडी तंगमर्गला सोडा. आणि बर्फ थांबल्यानंतरची पहिली सकाळ सर्वांत वाईट असते, कारण रात्री आभाळ मोकळे झाल्यावर रस्त्यावरचे पाणी काचेसारखे गोठलेले असते. नऊ-दहापर्यंत ऊन लागू द्या, मग निघा. जम्मूकडून गाडीने येणार असाल तर काझीगुंड-बनिहालचा नवा बोगदा जुन्या जवाहर बोगद्यापेक्षा सुमारे ४०० मीटर खाली आहे, त्यामुळे बर्फाने अडकण्याचे प्रमाण कमी झाले. पण रामबन ते बनिहाल या टप्प्यात पावसानेच दरडी येतात, आणि तिथे बर्फ नाही म्हणून रस्ता सुरक्षित आहे असे समजणे चूक. शोपियानहून पुंछकडे जाणारा मुघल रोड आणि लडाखच्या वाटेवरची झोजिला खिंड या दिवसांत पहिल्या बर्फालाच बंद होतात, ते बेतातून काढूनच टाका.

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री तुम्ही श्रीनगरातच मुक्कामाला असाल अशा बेताने तिकीट काढा. पहलगामहून थेट विमानतळ असा बेत नको. बर्फ पडत असताना दृश्यमानता कमी होते, धावपट्टी साफ करावी लागते, आणि दुपारची उड्डाणे एकामागून एक रद्द होतात. पुढच्या दिवसाची जागा मिळायला गर्दी असते. सोबत दोन ज्येष्ठ आहेत, तेव्हा त्यांची रोजची औषधे परतीच्या तारखेनंतर तीन दिवस पुरतील एवढी घ्या आणि ती सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.